धावणे, लो-कार्ब आहार आणि इजा : तिन्ही एकत्र आल्यावर काय करावे

पुण्यात पहाटे धावायला निघणाऱ्यांपैकी पुष्कळ जण चाळिशीच्या आसपास, रक्तातील साखर किंवा वजन वाढल्याचे कळल्यावर या वाटेला लागतात. त्यामुळे धावणे आणि कर्बोदके कमी करणे या दोन गोष्टी बहुधा एकाच सुमारास सुरू होतात, आणि काही महिन्यांनी नडगी, टाच किंवा गुडघा दुखू लागला की इजेतून बरे होण्याचे तिसरे काम त्यांत येऊन मिळते. हा लेख अशा तिहेरी अवस्थेत प्रथमच सापडलेल्यांसाठी आहे.

मी स्वतः लो-कार्ब आहार चालू असतानाच नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमधून (वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेतून) बरा होऊन पुन्हा धावू लागलो आहे. त्या काळात डॉक्टर एक सांगत, आहाराचे पथ्य दुसरे सांगे आणि धावण्याच्या ग्रुपवर तिसरेच काही ऐकू येई. यांपैकी कोणाचेही म्हणणे चुकीचे नव्हते. प्रत्येक जण तिहींपैकी एकाच गोष्टीचा विचार करून बोलत होता, एवढेच. तिन्हींचा क्रम लावण्याचे काम मात्र रुग्णालाच करावे लागते. माझ्या मते तो क्रम असा : इजा भरून येईपर्यंत तीच पहिली, आहाराने तिला साह्य करायचे, आणि धावण्याने दोघांच्या मागे थांबायचे. मी डॉक्टर नाही, म्हणून पुढील प्रत्येक पायरी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच अमलात आणावी.

१. दुखण्याचे नेमके नाव ठरवून घ्या

'पाय दुखतो' एवढ्यावर कोणताही आराखडा आखता येत नाही, कारण हाडाच्या आणि कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) इजेचे उपचार जवळजवळ उलट दिशेने जातात. हाडावर ताणाने आलेली इजा भरून येण्यासाठी त्यावरील भार काही काळ काढावा लागतो. उलट टाचेमागील अकिलीस कंडरेला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुर्बळ होते आणि तिला मोजूनमापून भार द्यावा लागतो. स्नायू ताणला गेला असेल तर पहिले काही दिवस जपून नंतर हालचाल लवकर सुरू करणे हिताचे असते.

बोटाच्या टोकाने दाबल्यावर हाडाच्या एकाच ठिकाणी तीव्र दुखणे, धावताना दुखणे वाढत जाणे, आणि पुढेपुढे चालताना किंवा रात्री झोपेतही ठणका लागणे ही हाडाच्या इजेची लक्षणे आहेत. कंडरेचे दुखणे बहुधा सकाळच्या पहिल्या पावलांना जास्त जाणवते आणि हालचालीने थोडे सैल होते. हा फरक घरी ओळखण्यापुरता आहे. निदान अस्थिरोगतज्ज्ञांकडूनच, शक्य तर खेळाडूंच्या इजांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडून, करून घ्यावे.

येथे पहिला सापळा आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' हे ऐकून लोक पुन्हा धावू लागतात. संशय कायम असेल तर एमआरआयविषयी डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा. दुखणे जांघेत, नडगीच्या पुढच्या कडेवर किंवा पावलाच्या वरच्या मध्यभागी असेल तर अजिबात थांबू नका, कारण मांडीच्या हाडाची मान, नडगीची पुढची बाजू आणि पावलातील नॅव्हिक्युलर हाड येथील इजा भरून यायला अवघड असतात आणि कधीकधी शस्त्रक्रियेपर्यंत जातात. निदान होईपर्यंत कोणाकडूनही जोरकस मालीश करून घेऊ नका, आणि दुखऱ्या हाडावर फोम रोलरही (स्नायू मोकळे करण्याचा फोमचा दंडगोलही) फिरवू नका.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

पहिल्या भेटीला पुढील गोष्टी बरोबर नेल्या तर तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांना तीच कहाणी तीनदा सांगावी लागत नाही.

- एक्स-रे व एमआरआयचे अहवाल आणि शक्य असल्यास मूळ चित्रांची सीडी.
- अलीकडचे रक्ततपासणी अहवाल : एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, बी-१२, कॅल्शियम, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज). यांपैकी कोणत्या तपासण्या आपल्याला आवश्यक आहेत हे डॉक्टर ठरवतील.
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, मात्रेसह.
- घड्याळातील किंवा ॲपमधील मागील तीन महिन्यांचे धावण्याचे अंतर, आठवड्यानुसार.
- तीन दिवसांच्या आहाराची प्रामाणिक नोंद, त्यांत एक सुट्टीचा दिवस.
- नेहमीचे बूट, झिजलेल्या तळव्यांसह.

घरासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, एक थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) आणि साखरेची औषधे चालू असतील तर ग्लुकोमीटर एवढे पुरते. यापेक्षा महाग काही घेण्याची गरज मला तरी भासली नाही.

३. औषधांची चर्चा आहार बदलण्याआधी करा

ही पायरी लहान आहे, परंतु वगळता येणारी नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातील औषधे चालू असताना कर्बोदके एकाएकी कमी केली आणि व्यायामही चालू ठेवला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या औषधांबरोबर अत्यंत कमी कर्बोदकांचा आहार घेतल्यास रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचणे) होण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीला मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली तर ग्लुकोमीटरचा आकडा ठीक आहे म्हणून घरी थांबू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कर्बोदके कमी केल्यावर तपासून घ्यावी लागते.

४. 'कमी कर्बोदके' आणि 'कमी अन्न' यांतील फरक रोज जपा

संपूर्ण लेखातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

दिवसाला सुमारे १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेणे याला सामान्यतः लो-कार्ब म्हणतात आणि ५० ग्रॅमच्या खाली गेल्यास तो आहार कीटोजेनिक होतो, म्हणजे शरीर मुख्यतः चरबीवर चालू लागते. धावपटूच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने कर्बोदकांचा साठा असतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते ते मुख्यतः या पाण्यामुळे. त्या आकड्याने हुरूप येतो, भूकही कमी लागते, आणि पोळी-भात काढून घेतल्यावर ताटात रिकामी झालेली जागा भरायची राहून जाते. धावणाऱ्या माणसाचे येथेच नुकसान होते.

शरीर व्यायामावर खर्च झालेली ऊर्जा वजा करून जे उरते त्यावर बाकीची सर्व कामे भागवते, आणि हाड सांधणे हे त्यांतले एक काम आहे. ही उरलेली ऊर्जा चरबी वगळता शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ४५ किलोकॅलरींच्या आसपास असावी आणि दीर्घकाळ ३० च्या खाली जाऊ नये, असा संकेत क्रीडावैद्यकात वापरला जातो. समजा एखाद्याचे वजन ६० किलो आहे आणि त्यातील चरबी वगळता ४८ किलो उरतात. तर व्यायामाचा खर्च बाजूला ठेवून त्याला सुमारे २१६० किलोकॅलरी मिळायला हव्यात आणि १४४० हा धोक्याचा आकडा समजावा. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरमागे १ किलोकॅलरी धरला तर १० किलोमीटरला याच व्यक्तीचे आणखी ६०० जातात. दोन भाकऱ्या कमी करून त्याच दिवशी तळजाई टेकडीवर १० किलोमीटर धावणाऱ्याने ही बेरीज एकदा तरी कागदावर करून पाहावी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली अशा ऊर्जेच्या तुटवड्याला रेड-एस असे नाव दिले. हाडांची झीज, संप्रेरकांचे असंतुलन, स्त्रियांमध्ये पाळी चुकणे आणि वारंवार आजारी पडणे हे त्याचे परिणाम आहेत.

केवळ ऊर्जेचाच नव्हे, तर कर्बोदकांचाही हाडांशी स्वतंत्र संबंध असल्याचे दिसते. जलद चालण्याच्या शर्यतीतील उच्च दर्जाच्या खेळाडूंवर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, सुमारे साडेतीन आठवडे कीटोजेनिक आहार घेतल्यावर हाडांची झीज दाखवणारे रक्तातील घटक वाढले आणि नवे हाड तयार होण्याचे दर्शक घटले. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की हाडाची इजा भरून येईपर्यंत कीटोजेनिक आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने बाजूला ठेवावा आणि नव्याने तर मुळीच सुरू करू नये. मधुमेहपूर्व अवस्था असलेल्यांनी साखर हाताबाहेर जाईल म्हणून घाबरण्याचे कारण नाही. १३० ग्रॅमच्या आसपास किंवा थोडे वर राहूनही आपले मराठी जेवण नीट बसते. ४५ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत साधारण ३० ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसाला दोन भाकऱ्यांचे ६०, वाटीभर उसळीचे सुमारे २०, एका फळाचे १५ ते २०, दही-दुधाचे १५ आणि भाज्यांचे १५ धरले की बेरीज १३० च्या आसपास येते. साखर, बेकरीचे पदार्थ आणि साबुदाणा यांना या हिशेबात जागा उरत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर आणि थोडी भगर असा बेत केला तर प्रथिनेही मिळतात आणि साखरही उसळत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र सढळ हात ठेवा. इजेच्या काळात दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सुचवले जाते. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला किमान ९६ ग्रॅम. हालचाल कमी झालेल्या पायाचे स्नायू वेगाने बारीक होतात आणि ते टिकवायला प्रथिने लागतात. शाकाहारी माणसाला हा आकडा गाठणे कठीण वाटते, पण अशक्य नाही : १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५, दोन वाट्या दह्यात १० च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत ७ आणि वाटीभर घट्ट उसळीत ८. उरलेले दूध, डाळ आणि भाकरी यांतून येते. तरी कमी पडल्यास व्हे प्रोटीनचे (दुधातील प्रथिनांच्या पुडीचे) एक माप घेण्यात काही गैर नाही. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यामागे ६ ग्रॅम मिळतात. ही प्रथिने तीन-चार वेळांत विभागून, दर वेळी २० ते ३० ग्रॅम, घेतलेली बरी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण स्वतःहून वाढवू नये.

दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात बरीच रुजली आहे आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी तिचा उपयोग झालेले लोक माझ्याही परिचयात आहेत. तरीही दोन जेवणांत शंभर ग्रॅम प्रथिने बसवणे फार अवघड जाते, म्हणून इजा भरून येईपर्यंत निदान तिसरे, प्रथिनयुक्त जेवण जोडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कॅल्शियमची प्रौढांची रोजची गरज १००० मिलिग्रॅम धरली जाते. दूध-दही, तीळ आणि नाचणी हे त्याचे आपल्याकडील चांगले स्रोत आहेत. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असते, मात्र कर्बोदकेही ज्वारीइतकीच असल्याने ती भाकरीच्या बदल्यात घ्यावी, जोडीला नव्हे. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या किंवा कॅप्सूल तपासणी न करता स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत.

५. धावणे थांबले तरी दम टिकवा

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आणि करताना व केल्यानंतर दुखत नसेल तरच, पर्यायी व्यायाम सुरू करा. पोहणे आणि पाण्यात कंबरेला तरंगणारा पट्टा बांधून धावण्याची हालचाल करणे यांत पायांवर आघात जवळजवळ होत नाही. टिळक तलावासारख्या ठिकाणी किंवा घराजवळच्या तलावावर असा पट्टा वापरू देतात का, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्या.

सायकल चालवणार असाल तर सुरुवातीला घरातील ट्रेनर किंवा जिममधील स्थिर सायकल मला अधिक योग्य वाटते. कात्रज घाट किंवा एनडीए रस्त्याचा मोह होतो, पण खड्डा आला किंवा समोरून कोणी आडवे आले की ज्या पायावर आपण झटकन उतरतो तो नेमका दुखरा पाय असू शकतो.

आहार आणि तीव्रता यांचा मेळ येथेच बसतो. चरबीतून तेवढीच ऊर्जा मिळवायला शरीराला कर्बोदकांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून ग्लायकोजेन कमी असताना हलका व्यायाम सुखाने होतो, परंतु जोराचे इंटरव्हल (थोडा वेळ वेगात, थोडा वेळ संथ असे आलटून पालटून केलेले व्यायाम) जड जातात. लो-कार्ब असताना पर्यायी व्यायाम पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या गतीनेच करावा. कर्बोदके कमी झाल्यावर मूत्रपिंडे मिठाचे उत्सर्जन वाढवतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात डोके दुखणे, गळून जाणे, पोटऱ्यांत गोळे येणे हे प्रकार होतात. मीठ घातलेले ताक हा त्यावर सोपा उपाय आहे. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

६. ताकद परत मिळवा

फिजिओ जो आराखडा देतील तोच पाळा. नडगी आणि टाचेच्या बहुतेक इजांत पोटरीची ताकद निर्णायक ठरते, म्हणून भिंतीचा आधार घेऊन एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम त्यात असतोच. दोन्ही पायांवर सारख्याच संख्येने, वीसच्या पुढे, सावकाश आणि न दुखता टाच उचलता येईपर्यंत धावण्याचा विषय काढू नये. दुखणे थांबले की व्यायाम सोडून देणे हा येथला नेहमीचा सापळा आहे; दुखणे आधी जाते, ताकद पुष्कळ नंतर येते.

७. धावण्याकडे टप्प्याटप्प्याने परत या

कमी धोक्याच्या नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरला भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पण कॅलेंडर पाहून धावणे सुरू करायचे नसते. डॉक्टरांची परवानगी, हाड दाबल्यावर न दुखणे आणि सलग काही दिवस तीस मिनिटे भरभर चालूनही त्रास न होणे या तिन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात.

त्यानंतर एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा, एक दिवसाआड. दोन-तीन वेळा हे न दुखता झाले की दोन मिनिटे धावणे व तीन मिनिटे चालणे, आणि अशाच क्रमाने पुढे. आधी वेळ वाढवा, नंतर गती आणि सर्वांत शेवटी चढ-उतार. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका. कंडरेच्या इजेत दहापैकी दोन-तीन इतके दुखणे, ते दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर, बहुतेक फिजिओ चालवून घेतात. हाडाच्या इजेत ही सवलत नाही. त्या जागी दुखले की त्या दिवसाचे धावणे तेथेच संपले.

जागेची निवड महत्त्वाची आहे. सुरुवातीला शाळा-महाविद्यालयाचे सपाट मातीचे मैदान उत्तम, कारण त्रास झाल्यास चालत बाहेर पडता येते. वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडीवरील दगडगोट्यांची वाट, पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगड हे शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. चढताना फक्त दम लागतो, उतरताना प्रत्येक पावलाला पायावर आघात होतो, आणि पावसाळ्यात त्यात घसरण्याची भर पडते. ग्रुपबरोबर धावणेही काही आठवडे टाळावे, कारण दुसऱ्याच्या गतीने आपला पाय आपोआप उचलला जातो.

पहाटे रिकाम्या पोटी, फक्त चहा घेऊन निघण्याची सवय या काळात बदला. अर्धे केळे, किंवा भिजवलेले शेंगदाणे आणि एखादा खजूर एवढे निघण्यापूर्वी, आणि आल्यावर तासाभरात प्रथिनांसह नाश्ता, असा नियम ठेवावा. दिवसभरातील कर्बोदकांचा मोठा वाटा याच दोन वेळांत घेतला तर तो स्नायूंच्या कामी येतो आणि एकूण आहार लो-कार्ब राहू शकतो. पुढे धावणे दीड तासाच्या वर गेले की वाटेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याची शिफारस असते. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे पूर्णपणे वर्ज्य समजा. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने इजेची सूचना दबते, आणि अंगातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांवरही ताण येतो.

८. थांबण्याच्या खुणा लिहून फ्रिजवर लावा

रात्रीचा ठणका, लंगडत चालणे, हाडाच्या एकाच बिंदूवर दुखणे, सलग तीन महिने पाळी न येणे, वजन सतत उतरत राहणे, उठल्याबरोबर मोजलेले नाडीचे ठोके नेहमीपेक्षा बरेच वाढलेले असणे, झोप उडणे, रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे : यांपैकी एकही गोष्ट दिसली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करावा. घरच्यांनाही ही यादी माहीत असावी, कारण आपण लंगडतो आहोत हे अनेकदा त्यांनाच आधी दिसते.

९. शर्यतीची नोंदणी सर्वांत शेवटी करा

१९८३ साली सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असो किंवा थंडीतील इतर हाफ मॅरेथॉन, नोंदणीची मुदत जवळ आली की वरचा सगळा क्रम मोडण्याची इच्छा होते. त्या वेळी तारखेपासून मागे मोजावे. स्ट्रेस फ्रॅक्चरचे निदान ऑगस्टच्या सुरुवातीला झाले असेल तर हाड भरून यायला सप्टेंबरअखेर उजाडते, चालणे-धावणे मिळून केलेला टप्पा ऑक्टोबरभर चालतो, आणि सलग तीस मिनिटे धावणे नोव्हेंबरमध्ये येते. अशा व्यक्तीने डिसेंबरमध्ये दहा किलोमीटरचीही घाई करू नये. फेब्रुवारीनंतरची एखादी दहा किलोमीटरची शर्यत निवडावी आणि तिचे पैसेसुद्धा सलग पंचेचाळीस मिनिटे न दुखता धावता आल्यावरच भरावेत.